ओपलूससहून निघालेला मसाला

केजन मसाल्याच्या बाटल्या आज जगभरच्या दुकानांत ओळीने मांडलेल्या दिसतात. त्यांची मुळं शोधत गेलं की माणूस फिरून फिरून एकाच गावात पोचतो: लुइझियाना राज्याच्या दक्षिणेतलं ओपलूसस. टोनी सॅशरी या गावात १९०५ साली जन्मले आणि पॉल प्रूडोम १९४० साली. सॅशरींनी मीठ-तिखटाचं एक मिश्रण हिरव्या डब्यात भरून विकायला काढलं. प्रूडोम यांनी तापून पांढऱ्या पडलेल्या बिडाच्या तव्यावर, लोण्यात बुडवलेल्या माशावर मसाला काळा करून दाखवला. बर्गरसाठी किंवा स्टेकसाठी केजन मसाला निवडणारा माणूस, त्याला ठाऊक असो वा नसो, या दोघांपैकी एकाचं घराणं निवडत असतो.

हा मसाला तरुण आहे. डब्यावर दलदलीतली झाडं, मगरी आणि जुन्या होड्या छापलेल्या असल्या, तरी बाजारात ज्याला केजन मसाला म्हणतात ते मिश्रण १९७२ ते १९८४ या बारा वर्षांत घडलं. त्यात पडलेले बहुतेक जिन्नस मात्र फार जुने आणि फार लांबून आलेले आहेत. ज्यांचं नाव या डब्यावर आहे, ती माणसंही तशीच लांबून आलेली.

आजच्या कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाच्या किनाऱ्यावर १६०५ साली पोर रॉयाल ही फ्रेंच वसाहत उभी राहिली. पुढे त्या भागात स्थिरावलेल्या फ्रेंच शेतकऱ्यांना अकेडियन म्हणू लागले. भरतीचं खारं पाणी अडवायला ते मातीचे बांध घालत आणि बांधात लाकडी झडप बसवत. ओहोटीला आतलं पाणी बाहेर जाई, भरतीला झडप आपोआप मिटे. गोव्यातल्या खाजणाचा बांध आणि त्याची मानस ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही युक्ती समजावून सांगायला नको. या जमिनीत गहू, वाटाणा, कोबी, सलगम पिके. घरोघरी डुकराचं मांस खारवून ठेवत. मसाला जवळपास नव्हताच. मिरचीशी तर या लोकांची गाठही पडलेली नव्हती.

१७१३च्या उट्रेक्टच्या तहाने अकेडिया ब्रिटनकडे गेला. ब्रिटिश राजाशी बिनशर्त एकनिष्ठेची शपथ घ्यायला अकेडियन तयार होईनात, आणि १७५५ साली चार्ल्स लॉरेन्स या गव्हर्नरच्या अमलाखाली त्यांची हकालपट्टी सुरू झाली. गावं जाळली गेली. कुटुंबं जहाजांत कोंबून वेगवेगळ्या वसाहतींत पाठवली गेली, कित्येकांची ताटातूट झाली ती कायमची. १७६३पर्यंत दहा हजारांहून अधिक माणसं अशी उखडली गेली. ही आठवण अकेडियनांच्या वंशजांच्या, म्हणजे लुइझियानातल्या केजनांच्या, घरांत आजही जिवंत आहे.

ब्रूसार नावाचा एक लढवय्या, ज्याला सगळे बोसोलेय म्हणत, १७६५च्या सुरुवातीला सुमारे दोनशे अकेडियन घेऊन न्यू ऑर्लिन्सला उतरला. आपल्या विषयासाठी महत्त्वाचा कागद त्याच वर्षीच्या एप्रिलचा आहे. दोतेरीव नावाच्या एका लष्करी अधिकाऱ्याशी या निर्वासितांनी करार केला. त्याने दर कुटुंबाला वासरांसह पाच गायी आणि एक वळू द्यायचा. कुटुंबांनी सहा वर्षं गुरं सांभाळायची, मग मूळ संख्या परत करून वाढीचा निम्मा वाटा द्यायचा. अर्धेलीने गुरं राखण्याची ही रीत आपल्याकडच्या खेड्यांनाही परकी नाही. बोसोलेय त्याच वर्षी वारला, पण त्याची माणसं बायू टेशच्या काठाने आणि पुढे ओपलूससच्या गवताळ माळांवर पसरली आणि गुरंपालक झाली. म्हणजे केजन स्वयंपाक म्हटला की डोळ्यांपुढे मासळी, कोळंबी आणि क्रॉफिश येत असले, तरी या लोकांचा लुइझियानातला पहिला लेखी व्यवहार गोमांस देणाऱ्या जनावरांचा होता. केजन मसाला स्टेकवर उपरा वाटतो असं म्हणणाऱ्यांना मी हा करार दाखवेन. १७८५ साली स्पेनच्या खर्चाने सात जहाजं फ्रान्सहून आणखी सुमारे सोळाशे अकेडियन घेऊन आली आणि वस्ती पक्की झाली.

गहू त्या दमट हवेत धरेना, म्हणून मका आला. मांस टिकवायची सोय नव्हती, म्हणून शेजारची कुटुंबं आळीपाळीने जनावर कापत आणि ताजं मांस वाटून घेत; याला ते बूशरी म्हणत. भेंडी आणि ती शिजवण्याची रीत गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी माणसांनी दिली. सॅसॅफ्रास झाडाच्या पानांची पूड, जिला फिले म्हणतात, चॉक्टॉ लोकांनी दिली. सॉसेजचं कसब जर्मन वसाहतवाल्यांकडूनही आलं. मसाल्यावर नाव अकेडियनांचं लागलं, पण भांड्यातले हात अनेकांचे होते, आणि त्यांतले बरेचसे काळे होते. हे सांगितल्याशिवाय पुढे जाऊ नये असं मला वाटतं, कारण लुइझियानाच्या चवीचा इतिहास लिहिताना पाहुण्यांना वाढणाऱ्यांची नावं टिकली आणि चुलीपुढे उभ्या असलेल्यांची बरीच गळली. न्यू ऑर्लिन्सच्या लीना रिचर्ड या कृष्णवर्णीय स्वयंपाकीण बाईंनी १९३९ साली स्वतःच्या पाककृतींचं पुस्तक काढलं आणि पुढच्या दशकात दूरचित्रवाणीवर स्वयंपाकाचा कार्यक्रम केला. त्यांच्या आधीच्या कित्येक पिढ्यांची मात्र नोंदच झाली नाही.

मग तिखट कुठून आलं? मिरची मूळची अमेरिका खंडांचीच, पण लुइझियानाच्या स्वयंपाकघरात ती स्थिरावली स्पॅनिश अमलात आणि कॅरिबियन बेटांशी चाललेल्या व्यापारात. अकेडियन वंशजांनी तिच्यातली लांब, लाल, झणझणीत केयेन मिरची उचलली. केयेन वाळवून दळायला सोपी, आणि तिच्या चिमूटभर पुडीने अख्खं पातेलं चढतं. १८६८ साली एडमंड मॅकइलेनी यांनी एव्हरी आयलंडवर टबॅस्को मिरचीची पहिली व्यापारी लागवड केली आणि पुढे जगभर गेलेला सॉस तिथेच जन्मला. हे एव्हरी आयलंड म्हणजे मिठाचा प्रचंड घुमट. १८६२ साली, यादवी युद्ध पेटलेलं असताना, तिथे घट्ट सैंधव सापडलं. दक्षिणेच्या फौजेला मीठ पुरवणारी ती खाण पुढच्याच वर्षी उत्तरेच्या सैन्याने ताब्यात घेतली. मीठ आणि मिरची एकाच टेकाडावर मिळावी, ही त्या प्रदेशाच्या चवीला लाभलेली भूगोलाची देणगी आहे.

तरीही जुन्या केजन घरातला मसाला म्हणजे मीठ, काळी मिरी आणि केयेन. बस. कांदा, सेलरी आणि ढोबळी मिरची हे त्रिकूट चिरून फोडणीत पडे, लसूण सोलून ठेचला जाई, कांद्याची पात आणि पार्स्ली शेवटी भुरभुरली जाई. चव पातेल्यात, वेळ देऊन, चरबीत परतलेल्या पिठाचा रू तांबूस करत करत उभी राही. मार्सेल बियाँव्हेन्यू आणि कार्ल व रायन ब्रॅसो यांनी २००५ साली केजन पाककलेचा इतिहास लिहिला. त्यांच्या पुस्तकातून उभा राहणारा जुना केजन स्वयंपाक साधा, घरगुती आणि बऱ्याच अंशी मवाळ आहे. लाल पुडीत माखलेलं मांस त्यात शोधून सापडत नाही.

ताज्या कांद्याच्या जागी कांद्याची पूड आल्याशिवाय डब्यातला मसाला शक्यच नव्हता, आणि ही पूड केजन मुलखात जन्मली नाही. कॅलिफोर्नियात दोन महायुद्धांच्या दरम्यान कांदा निर्जल करण्याचे कारखाने निघाले आणि दुसऱ्या महायुद्धात सैन्याच्या मागणीने ते वाढले. युद्धानंतर अमेरिकन स्वयंपाकघरात लसणाची पूड आणि कांद्याची पूड नेहमीची झाली. स्टेकवर तयार मिश्रण भुरभुरण्याची सवयही याच काळातली: १९३८ साली बेव्हर्ली हिल्समध्ये लॉरी’ज या उपाहारगृहाने आपलं मसालेदार मीठ बाजारात आणलं, आणि बाल्टिमोरमध्ये गुस्ताव ब्रुन या जर्मन ज्यू निर्वासिताने १९३९ साली ज्या मिश्रणाची सुरुवात केली ते पुढे ओल्ड बे म्हणून प्रसिद्ध झालं. अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाला डबा उघडून हलवण्याची सवय लागलेली होती. केजन डबा त्या सवयीवर स्वार झाला.

त्यासाठी केजन या नावाला आधी मान मिळायला हवा होता, आणि तो मिळालेला नव्हता. १९२१च्या लुइझियाना राज्यघटनेने शाळांत इंग्रजी सक्तीची केली. घरी फ्रेंच बोलणाऱ्या मुलांना वर्गात तोंडून फ्रेंच शब्द निघाला की शिक्षा होई. एक अख्खी पिढी आपली भाषा मुलांना शिकवायला कचरू लागली. कोणाला केजन म्हणणं म्हणजे त्याला गावंढळ म्हणणं होतं. १९६८ साली राज्याने फ्रेंच भाषेच्या जतनासाठी संस्था स्थापली. १९७१ साली बावीस परगण्यांच्या प्रदेशाला अकेडियाना हे अधिकृत नाव मिळालं. आणि १९७२ साली टोनी सॅशरी यांचं ‘केजन कंट्री कुकबुक’ निघालं. या तीन घटना लागोपाठ येतात हे मला फार बोलकं वाटतं. जे नाव घ्यायला शाळेत लाज वाटत होती, ते चार वर्षांच्या आत पुस्तकाच्या मुखपृष्ठावर आलं.

सॅशरी औषधांच्या धंद्यात होते, मग विम्याच्या. शिकारीचे आणि चुलीपुढे उभं राहण्याचे शौकीन. पुस्तक काढलं तेव्हा ते पासष्टीच्या पुढे होते. पुस्तकात त्यांनी स्वतःच्या मसाल्याची कृती दिली होती, आणि लोक पुस्तकापेक्षा त्या मसाल्यासाठीच मागे लागले. त्याच वर्षी ओपलूससमध्ये कंपनी उभी राहिली. हिरव्या डब्यावर त्यांनी क्रिओल सीझनिंग असं लिहिलं. आत काय? मीठ, लाल तिखट, काळी मिरी, चिली पावडर, लसूण, आणि दमट हवेत गुठळी होऊ नये म्हणून थोडं सिलिकॉन डायऑक्साइड. जुन्या घरातलं ते मीठ-मिरी-केयेन जवळजवळ जसंच्या तसं, लसणाच्या पुडीची जोड देऊन. थाइम नाही, ओरेगॅनो नाही. पातेल्यात, अंड्यावर, बटाट्यावर, तळलेल्या माशावर, जिथे हात मिठाकडे जातो तिथे हा डबा जावा अशीच त्याची रचना. ओपलूससच्या शेजारच्या व्हिल प्लॅट गावातल्या वॉकर कुटुंबाने २००१ साली ‘स्लॅप या ममा’ हे मिश्रण काढलं, तेही याच घराण्यातलं: मीठ, लाल तिखट, काळी मिरी, लसूण.

दुसरं घराणं तव्यावर जन्मलं. पॉल प्रूडोम तेरा भावंडांतले शेंडेफळ. न्यू ऑर्लिन्सच्या कमांडर्स पॅलेस या मातबर उपाहारगृहात ते मुख्य शेफ होते. १९७९ साली पत्नी के यांच्यासह त्यांनी फ्रेंच क्वार्टरमधल्या शार्त्र स्ट्रीटवर के-पॉल्स ही छोटी खानावळ उघडली. तिथे निखाऱ्याची जाळी नव्हती. उघड्या जाळावर भाजलेल्या मासळीची चव हवी होती, म्हणून त्यांनी बिडाचा तवा तापवला, इतका की धूर येऊन थांबला आणि तळाला पांढरट राख दिसू लागली. त्यांच्या कृतीत यासाठी किमान दहा मिनिटं सांगितली आहेत. रेडफिशचे तुकडे वितळलेल्या लोण्यात बुडवून, मसाल्यात दाबून त्या तव्यावर टाकले. बाहेर काळं कवच, आत रसरशीत मासा. १९८०च्या सुमारास हा ब्लॅकन्ड रेडफिश पानात आला आणि के-पॉल्सच्या दाराशी रांगा लागल्या. मागणी इतकी की एका टेबलाला एकच असा नियम करावा लागला.

या काळ्या माशाचा त्यांच्या आईच्या स्वयंपाकघराशी संबंध बिडाच्या तव्यापुरता होता. बाकी सगळी कल्पना एका शहरी स्वयंपाकघरातली, एका शेफची. जगाला मात्र तीच केजन पाककला वाटली. मला यात प्रूडोम यांचा दोष दिसत नाही. आपल्या माणसांच्या चवीला त्यांनी जी प्रतिष्ठा मिळवून दिली, ती दुसऱ्या कुणालाही जमली नव्हती.

१९८४ साली त्यांच्या ‘लुइझियाना किचन’ या पुस्तकात कृती छापून आली. गोड पॅप्रिका एक मोठा चमचा, मीठ अडीच छोटे चमचे, कांद्याची पूड, लसणाची पूड आणि केयेन प्रत्येकी एक छोटा चमचा, पांढरी मिरी आणि काळी मिरी प्रत्येकी पाऊण, वाळलेला थाइम आणि ओरेगॅनो प्रत्येकी अर्धा. तीन तिखटं एकत्र घालायची कारण प्रूडोम यांच्या मते प्रत्येक तिखट तोंडात वेगळ्या जागी आणि वेगळ्या क्षणी लागतं. पॅप्रिका इथे रंग आणि गोडसर गाभा देते. मिरचीचा लाल रंग स्निग्धात उतरतो, म्हणून लोण्याशिवाय ही कृती अर्धवट राहते. आज दुकानातल्या बहुतेक केजन बाटल्यांत पॅप्रिका, थाइम आणि ओरेगॅनो का असतात याचं उत्तर ही यादी आहे. प्रूडोम यांनी आपल्या मॅजिक या नावाखाली मिश्रणं विकायला काढली. त्यांत माशासाठी वेगळं आणि स्टेकसाठी वेगळं होतं.

रेडफिशवर मात्र संकट आलं. हा मासा आपल्या घोळीच्या कुळातला. देशभरच्या उपाहारगृहांनी तो मागायला सुरुवात केली, मोठाल्या जाळ्यांनी मोठे प्रजननक्षम मासे उपसले जाऊ लागले आणि १९८६ साली अमेरिकेच्या वाणिज्य खात्याला मेक्सिकोच्या आखातातल्या केंद्रीय हद्दीत त्याची व्यापारी मासेमारी थांबवावी लागली. १९८८ साली लुइझियानानेही तो धंद्यासाठी पकडणं बंद केलं. मासा गेला, मसाला उरला. तो कोंबडीवर गेला, स्टेकवर गेला, बर्गरवर गेला. आज केजन बर्गर म्हणून जे मिळतं, त्यामागे एका माशाची झालेली ही ओढाताण आहे.

मसाला आखाताच्या पलीकडेही जात राहिला. १९७५ नंतर व्हिएतनामहून आलेले निर्वासित आखाताच्या किनाऱ्यावर कोळंबीच्या धंद्यात शिरले. ह्यूस्टनमध्ये त्यांच्या पुढच्या पिढीने उकडलेल्या क्रॉफिशवर लसणाचं लोणी आणि केजन तिखट ओतून नवीच चव घडवली. ह्यूस्टनला राहणारी मराठी माणसंही आता ती बोटं चाटत खातात. भारतात हे नाव मुख्यतः बटाट्याबरोबर आलं. २००६ साली मुंबईत सुरू झालेल्या बार्बेक्यू नेशनच्या केजन बटाट्यांनी ते घरोघरी पोचवलं, आणि मग पुण्या-नाशिकच्या कॅफेंत ते अंड्याविना मेयोनेजमध्ये कालवून मिळू लागलं. त्याचा लुइझियानाशी संबंध दूरचा आहे, तरी बटाट्याला ते शोभतं.

आपला खरा दुवा डब्याच्या आतच आहे. काळी मिरी मूळची मलबारची; एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मॅसॅच्युसेट्सच्या सेलम बंदरातली जहाजं ती सुमात्राहून भरभरून अमेरिकेत नेत. मिरचीचा प्रवास नेमका उलटा: अमेरिकेतून पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात ती गोव्याला उतरली आणि दख्खनची झाली. पॅप्रिकेच्या रंगाचा जो अर्क जगभरच्या अन्नउद्योगात वापरतात, त्यासाठी कर्नाटकातल्या ब्याडगी मिरचीला मोठी मागणी असते. आणि कांद्याची पूड? जळगावला खानदेशातला पांढरा कांदा निर्जल होऊन परदेशी जातो. गुजरातेतल्या महुव्याचा तर तो मुख्यच धंदा. अमेरिकेतल्या एखाद्या बाटलीत जळगावचा कांदा असेल, हे अगदी शक्य आहे.

आता निवडायचं कसं ते सांगतो.

लेबलवर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, म्हणून मीठ बहुधा पहिलं दिसेल. त्याने बिचकू नये: मीठ जड असतं, त्यामुळे प्रूडोम यांच्या कृतीतही चमच्याने पॅप्रिका जास्त, पण वजनाने मीठच जास्त भरतं. खरं मोजमाप सोडियमच्या आकड्यात आहे. तो अडीचने गुणला की मिठाचं वजन येतं; त्याला लेबलवर दिलेल्या एका वाढपाच्या वजनाशी ताडून पाहावं. बाटलीचा मोठा भाग मीठच निघाला तर ती चवदार मिठाची बाटली समजावी आणि मीठ म्हणूनच वापरावी, वर दुसरं मीठ घालू नये. साखर असलेलं मिश्रण तापलेल्या तव्यासाठी घेऊ नये. ती मसाल्याच्या आधी जळते.

बर्गरसाठी मी नि:शंकपणे सॅशरींचं घराणं घेतो, म्हणजे मीठ-तिखट-मिरी-लसूण. बर्गरच्या खिम्यात चरबी भरपूर असते, पाव मऊ आणि गोडसर असतो, वर चीज, कांदा, सॉस असतात. या गर्दीत थाइम आणि ओरेगॅनो ओळखू येत नाहीत. तिथे मीठ आणि तीक्ष्ण तिखटच लागतं. पण हा मसाला खिम्यात मळू नये. मीठ मांसातलं मायोसिन हे प्रथिन विरघळवतं, मग खिम्याचे कण एकमेकांना चिकटतात आणि शिजल्यावर तो रबरासारखा घट्ट होतो. सीख कबाबासाठी आपण मीठ घालून खिमा मुद्दाम मळतो तो सळईवर टिकावा म्हणूनच. बर्गर भुसभुशीत हवा. म्हणून पॅटी हलक्या हाताने थापावी, तव्यावर टाकायच्या अगदी आधी दोन्ही बाजूंनी मसाला भुरभुरावा. खिमा गोमांसाचा असो वा म्हशीचा, त्याचा आतला भाग ७१ अंश सेल्सियसपर्यंत तापला पाहिजे. खिमा करताना पृष्ठभागावरचे जंतू आतपर्यंत मिसळलेले असतात.

स्टेकचं गणित वेगळं. एकसंध मांसाचा तुकडा, वर दुसरं काही नाही, त्यामुळे प्रत्येक जिन्नस जिभेला कळतो. इथे प्रूडोम यांचं घराणं शोभतं. पण त्यांचा तापलेला तवा पातळ माशासाठी होता, आणि ही गोष्ट विसरूनच जगभर स्टेक जळाले. तीन सेंटीमीटर जाडीचा स्टेक तशा तव्यावर टाकला तर आत उष्णता पोचेपर्यंत लसणाची पूड आणि पॅप्रिका कडू होतात. पातळ कापाला पूर्ण काळं कवच करावं. जाड कापाला आच मध्यम-तेज ठेवून आधी साध्या मिठावर दोन्ही बाजू तांबूस कराव्यात आणि शेवटच्या दोन-तीन मिनिटांत वितळलेल्या लोण्यात कालवलेला मसाला लावावा. धूर भरपूर होतो. प्रूडोम यांच्या तव्याची रीत फ्लॅटच्या बंद स्वयंपाकघरात करू नये, गच्चीत किंवा अंगणात करावी.

स्टेकचा मसाला मी घरीच, आणि मीठ न घालता, करण्याच्या मताचा आहे. मीठ वेगळं ठेवलं की ते मांसाला पाऊण तास आधी लावता येतं: आधी पाणी सुटतं, मग खारं पाणी परत आत मुरतं, आणि पृष्ठभाग कोरडा होऊन चांगला भाजला जातो. मसाला मात्र शेवटी. प्रमाण प्रूडोम यांचंच ठेवावं, मीठ तेवढं वगळून. पॅप्रिका मिळाली नाही तर बिया काढलेली ब्याडगी दळावी. रंग तोच, तिखटपणा जरा अधिक, म्हणून केयेनचा चमचा अर्धा करावा. केयेनऐवजी आपली लवंगी चालते, पण ती अजून जहाल असल्याने पाव चमच्यापासून सुरुवात करावी. काळी मिरी ऐन वेळी जाडसर कुटावी. पांढरी मिरी वगळू नये. तिचा तो किंचित कुबट वास कच्चा आवडला नाही तरी लोण्यात तापल्यावर मांसाला खोली देतो. ही पूड घट्ट झाकणाच्या बरणीत, उजेडापासून दूर ठेवावी, कारण मिरचीचा लाल रंग उजेडाने उडतो, आणि पावसाळ्यात महिनाभरात संपेल एवढीच करावी.